कमी करायचे ते आपण

(जून महिन्यात मुंबईतील एका मंडळीच्या संयुक्त सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज विषय दिला आहे तो ‘निसर्गाला धरून रोजचे साधे जगणे’ हा. विषय ओळखीचा आहे. झाडे लावा, कापडी पिशवी वापरा, प्लास्टिक टाळा, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आणि ऐकून ऐकून त्याची धार बोथट झाली. मी गेली पंधरा-सोळा वर्षे शहापूर, वाडा, मोखाडा या भागातल्या पाड्यांवर काम करते. त्या बाजूने पाहिले की शहरातले आपले घर कसे दिसते, ते आज सांगणार आहे. घरी सहज करता येतील अशा गोष्टी त्या ओघात येतीलच.

आधी एक शास्त्रातला विचार. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, पंधराव्या वचनात, देवाने मनुष्याला बागेत ठेवले ते कशासाठी, हे सांगितले आहे. तिथे दोन कामे दिली आहेत. बागेची मशागत करणे आणि तिची राखण करणे. ईशविज्ञानाची पदविका करताना हिब्रू भाषेची थोडी ओळख झाली, तेव्हा कळले की मशागतीसाठी तिथे जो शब्द आहे तोच ‘सेवा करणे’ या अर्थानेही येतो. आणि राखण करण्यासाठी जो शब्द आहे, तोच गणनाच्या सहाव्या अध्यायातल्या आशीर्वादात येतो. उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब हात उंचावून आशीर्वाद देतात, परमेश्वर तुमचे संरक्षण करो म्हणतात, त्यातला हा शब्द. देवाने आपल्याला जसे जपावे असे आपण दर रविवारी मागतो, तसे आपण जमिनीला जपायचे आहे. इतका मोठा शब्द आपल्या हाती दिला आहे, हे मनात ठेवून पुढचे ऐका.

नळाचे पाणी कुठून येते

सुरुवात नळापासून करू. मुंबईला दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरवले जाते. ते सात तलावांतून येते. विहार आणि तुळशी हे दोन शहरातच आहेत. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा हे बाकीचे पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात आहेत. तानसा धरण १८९२ साली झाले, मोडकसागर १९५७ साली, मध्य वैतरणा २०१४ साली. आज जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसातून येते.

तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. हा वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी लोकांचा मुलूख. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो, पण खाली कातळ आणि वर उतार, त्यामुळे पाणी जमिनीत मुरत नाही, वाहून जाते. फेब्रुवारी सरता सरता पाड्यावरच्या विहिरी तळ दाखवू लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये टँकर सुरू होतात. मुंबईच्या मोठ्या जलवाहिन्या जवळून जातात आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन चालतात. हे दृश्य त्या भागात गेलेल्या कुणालाही दिसते.

आता हिशेब करू. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. दहा मिनिटे अंघोळ केली की ऐंशी ते शंभर लिटर गेले. एका हंड्यात बारा-पंधरा लिटर मावते. म्हणजे एक अंघोळ सहा ते आठ हंड्यांची झाली. पाड्यावरच्या बाईला तेवढ्यासाठी तीन-चार फेऱ्या माराव्या लागतील आणि तेवढ्यात तिचे सहा माणसांचे घर दिवसभर चालते. बादली आणि तांब्या घेतला तर तीच अंघोळ पंधरा-वीस लिटरमध्ये होते. आपल्या आईवडिलांनी जन्मभर तशीच केली.

आणखी काही साध्या गोष्टी. दात घासताना नळ बंद ठेवा. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी कुंड्यांना घाला. पाणी शुद्ध करण्याचे आरओ यंत्र ज्यांच्या घरी आहे त्यांनी त्याची बारीक नळी एकदा बादलीत सोडून पाहावी. ते यंत्र जेवढे पाणी पिण्यासाठी देते, पुष्कळदा त्याहून जास्त बाहेर टाकते. ते पाणी लादी पुसायला, संडासात टाकायला चांगले चालते. गळणाऱ्या नळाखाली रात्री पातेले ठेवा आणि सकाळी किती भरले ते मुलांना मोजायला सांगा. त्यानंतर वॉशर बदलायची आठवण मुलेच करून देतील.

इथे कुणीतरी विचारील, आणि मागच्या एका सभेत एका भावाने विचारलेही, की ताई, मी इथे नळ बंद केला म्हणून शहापूरच्या विहिरीला पाणी येणार आहे का? प्रश्न रास्त आहे. लगेच येणार नाही. पण शहराची तहान वाढली की नवे धरण लागते. वाडा तालुक्यात गारगाई नदीवर आणखी एक धरण बांधण्याचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे. त्यात आदिवासी गावांना उठावे लागेल आणि मोठे जंगल पाण्याखाली जाईल. आपण लाखो घरांनी मिळून पाणी कसे वापरतो, याच्याशी त्या गावांचे भवितव्य बांधलेले आहे. म्हणून बादलीचा हा विषय मी घरगुती काटकसरीत मोडत नाही. माझ्या लेखी तो शेजारधर्म आहे.

गरिबीला साधेपणा म्हणू नका

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते, कारण शहरातून आलेले पाहुणे पाड्यावर फिरताना हटकून म्हणतात, “किती साधे, नैसर्गिक जीवन आहे हो यांचे!” पाड्यावरची बाई दोन हंड्यांत भागवते, कारण तिसरा हंडा आणायला तिच्या पायांत त्राण नसते. चुलीवरची भाकरी आपल्याला गोड लागते, पण त्या चुलीचा धूर तिच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, शेजारी झोपलेल्या बाळाच्या छातीत जातो. तिला गॅस हवा, दिवा हवा, जवळ पाणी हवे, आजारपणात गाडी हवी.

आदिवासी समाजाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी पुढे सांगणार आहे. पण पृथ्वीवरचा भार हलका करायचा म्हणून ज्यांच्याकडे आधीच कमी आहे त्यांनी आणखी कमी करायचे नसते. कमी करायचे ते आपण. साधेपणा निवडण्याची सोय ज्याला आहे, त्याच्यासाठी ही शिकवण आहे.

स्वयंपाकघरातला ओला कचरा

शहरातल्या घरच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त, ओला कचरा असतो. भाज्यांची देठे, साली, चहाचा चोथा, उरलेसुरले. तो प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिला की डंपिंग ग्राउंडवर कुजतो, वायू तयार होतो, आगी लागतात. देवनारच्या आसपास राहणाऱ्या आपल्याच मंडळीतल्या कुटुंबांना तो धूर कसा असतो ते माहीत आहे. तिथेही धूर गिळणारे बहुतेक गरीबच आहेत.

याच कचऱ्याचे घरच्या घरी खत होते. जुना माठ किंवा झाकणाची बादली घ्या. तळाला आणि बाजूंना भोके पाडा. खाली नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेली पाने चार बोटे पसरा. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाका आणि त्यावर दर वेळी मूठ-दोन मुठी वाळका पाचोळा किंवा लाकडाचा भुसा घाला. सुरुवातीला आठवड्यातून एकदा थोडे आंबट ताक शिंपडा. तीन-चार दिवसांनी काठीने वरखाली करा. वास येऊ लागला तर ओल जास्त झाली असे समजा, पाचोळा वाढवा. हाडे, मासळीचे काटे, तेलकट भाजी निदान पहिल्या खेपेला टाकू नका. माठ भरला की दीड-दोन महिने तसाच ठेवा. तयार खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो.

त्या खतावर खिडकीत कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, अळू सहज येते. चर्चच्या आवारात झाडे आहेत तिथे पाचोळा जाळू नये. एका कोपऱ्यात खड्डा करून त्यात साठवावा. ज्यांच्या घरी कुंडीलाही जागा नाही, त्यांनी आपला माठ तिथे आणून रिकामा करावा. तरुण संघाने हे एक काम अंगावर घेतले तर वर्षभरात आवाराचे रूप बदलेल.

योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांचे जेवण झाल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले, हे आपण सगळे जाणतो. ज्याने क्षणापूर्वी पाच भाकरींत एवढा समुदाय जेवू घातला, त्याला तुकड्यांची काय कमतरता होती? तरी काही वाया जाऊ नये म्हणून त्याने सांगितले. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे चरित्र वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकातून आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. १८९६ मध्ये ते टस्कीगीला शिकवायला गेले तेव्हा प्रयोगशाळाच नव्हती. त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन कचऱ्यातून बाटल्या, बरण्या, भांडी गोळा केली आणि त्यातून प्रयोगशाळा उभी केली. कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमुगासारखी पिके घ्यायला गरीब शेतकऱ्यांना शिकवले. ते श्रद्धावान होते आणि टाकून दिलेल्या वस्तूकडे पाहण्याची त्यांची दृष्टी त्या श्रद्धेला शोभणारी होती.

ताटात काय येते

आता जेवणाकडे येऊ. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि शहरातल्या दुकानांत नाचणीची बिस्किटे दिसू लागली. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर नाचणी आणि वरई पिढ्यानपिढ्या पिकते आहे. या पिकांना भातासारखे बांधात पाणी साठवावे लागत नाही, हलक्या जमिनीतही ती तग धरतात. आठवड्यातून दोन दिवस नाचणीची भाकरी किंवा वरईचा भात खाल्ला तर शरीराला बरे आणि डोंगरातल्या शेतकऱ्याच्या घरी चार पैसे जातात. फक्त बिस्किटाच्या चकचकीत पुड्याऐवजी धान्य विकत घ्या आणि दळून आणा.

पावसाळा सुरू होतो आहे. स्टेशनबाहेर आदिवासी बाया टोपल्या घेऊन बसतील. त्यात शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी अशा भाज्या असतील. या भाज्यांना कुणी खत घातलेले नसते, फवारणी केलेली नसते. शेवळे कसे करायचे हे माहीत नसेल तर त्या बाईलाच विचारा, ती काकडे घालायला सांगेल, नाहीतर घशाला खाज सुटते. ओळख नसलेला पाला मात्र स्वतः तोडून आणून शिजवू नका. आणि भगिनींनो, एक विनंती. मॉलमध्ये आपण छापील किमतीवर एक शब्द बोलत नाही. ही बाई पहाटे अंधारात निघून, जंगलात फिरून, लोकलच्या गर्दीत टोपली सांभाळून इथे आलेली असते. तिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. कापडी पिशवी घेऊन जा आणि तिने सांगितलेली किंमत द्या. पर्यावरणाचे एवढे सोपे काम दुसरे नाही.

बियाण्यांचेही सांगते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजातल्या, कधी शाळेत न गेलेल्या शेतकरी बाई. त्यांनी गावोगाव फिरून वाल, घेवडा, भात, भाज्या यांची जुनी गावठी बियाणी जमवली, मडक्यांत राखेबरोबर जपली आणि इतर बायांना वाटली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बाजारचे संकरित बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागते. गावठी बियाणे आपल्याच शेतातून पुढच्या वर्षासाठी राखता येते, तेव्हा कर्ज कमी होते. आपल्याला शहरात एवढेच करता येईल की एका मोठ्या कुंडीत घेवड्याचा वेल लावायचा, चार शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या आणि ते बी पुढच्या वर्षी पेरायचे. मुलांना रविवारच्या शाळेत पेरणाऱ्याचा दाखला शिकवताना हातात देण्यासारखे ते उत्तम साधन आहे.

मंडळीचे कार्यक्रम

घरानंतर मंडळीकडे पाहू. प्रीतिभोजन झाले, हंगामाचा सण झाला, लग्न झाले की आवाराच्या कोपऱ्यात टाकाऊ ताटल्या आणि पेल्यांचा ढीग दिसतो. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्यांवर बंदी आहे. त्याऐवजी आलेले कागदी पेलेही आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेले असतात, म्हणून ते कुजत नाहीत आणि रद्दीतही जात नाहीत.

उपाय जुनाच आहे. मंडळीने शंभर-दीडशे स्टीलची ताटे आणि पेले एकदाच घ्यावेत. दोन वर्षांत पैसे वसूल होतात. धुण्याची पाळी महिला संघावरच ढकलू नये, पुरुषांनी आणि तरुणांनीही बाह्या वर कराव्यात. ताटांची सोय नसेल तर पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण मागवावेत. सभेला येताना प्रत्येकाने आपली पाण्याची बाटली आणावी. नाताळात प्लास्टिकच्या ताऱ्याऐवजी बांबूच्या कामट्यांचा आणि कागदाचा कंदील करावा. पाड्यांवर बांबूचे काम करणारे कुशल हात आहेत, त्यांना ऑक्टोबरमध्येच मागणी कळवली तर त्यांचाही नाताळ गोड होईल.

पाड्यावर आपण काय नेतो

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे, पण या वार्तापत्राच्या वाचकांना आणि देणगीदारांना तो सांगायलाच हवा.

आपल्याकडे कपाट आवरले की जुन्या कपड्यांचे गाठोडे बांधून ‘आदिवासींना द्या’ म्हणून पाठवण्याची पद्धत आहे. देणाऱ्याचे मन चांगले असते यात शंका नाही. पण गाठोडे उघडले की फाटके कपडे, तुटक्या चेनच्या पँटी, उंच टाचांच्या चपला, एका पायाचे बूट निघतात. पाड्यावरच्या माणसाला आत्मसन्मान आहे. जे आपण आपल्या भावाला देणार नाही, ते त्यालाही देऊ नये. धुतलेला, धड, त्याच्या कामाचा कपडा अवश्य द्या. बाकीच्याची पुसणी करा, पिशव्या शिवा. जुन्या सुती साड्या असतील तर गोधडी शिवा, मंडळीतल्या ज्येष्ठ भगिनींना ती कला येते आणि त्यांच्याकडून शिकून घेण्याची हीच वेळ आहे. आणि मुळात कपाट इतके भरू देऊ नका.

दुसरे म्हणजे वाटप. नाताळात आणि सुट्टीत गाड्या भरून माणसे पाड्यावर येतात. बिस्किटे, वेफर, चॉकलेट, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकची खेळणी वाटतात, गाणी होतात, फोटो होतात आणि संध्याकाळी गाडी परत जाते. पाकिटे मागे राहतात. पाड्यावर घंटागाडी येत नाही. ते प्लास्टिक चुलीत जाते नाहीतर ओढ्यात. चुलीत गेले तर विषारी धूर, ओढ्यात गेले तर पुढच्या पावसात शेतात. कधी शेळ्या-गुरे ते खातात आणि मरतात. गरिबाला एक शेळी म्हणजे अडचणीच्या वेळची ठेव असते.

म्हणून आमच्या कार्यकर्त्यांची विनंती अशी आहे. पाड्यावर येताना पाकीटबंद वस्तू आणू नका. शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, केळी डब्यातून आणा, डबे परत न्या. मुलांना वह्या, स्टीलचा पेला, चांगली छत्री द्या. जो कचरा आपल्याबरोबर येतो तो आपल्याबरोबर परत गेला पाहिजे. आणि येण्याआधी पाड्यावरच्या लोकांना विचारा, तुम्हाला काय हवे आहे? उत्तर बहुधा एकच येते. विहिरीतला गाळ काढायचा आहे, पाण्याची टाकी हवी आहे, नळी हवी आहे.

येत्या तीन महिन्यांसाठी

बंधुभगिनींनो, एवढे सगळे एकदम होत नाही. जो एकाच दिवशी सारे घर बदलू पाहतो तो पंधरवड्यात थकतो. म्हणून प्रत्येक कुटुंबाने आज रात्री प्रार्थनेनंतर बसून तीनच गोष्टी निवडाव्यात. एक पाण्याची, एक कचऱ्याची आणि एक खरेदीची. उदाहरणार्थ बादलीने अंघोळ, खताचा माठ आणि महिनाभर एकही नवा कपडा न घेणे. त्या कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवाव्यात. तीन महिने त्याच पाळाव्यात.

यातून पैसेही वाचतात. पाण्याच्या विकतच्या बाटल्या, टाकाऊ ताटल्या, नको ती खरेदी यांचा हिशेब ठेवा. ते वाचलेले पैसे पुन्हा दुसऱ्या खरेदीत गेले तर निसर्गाचे काही वाचले नाही. ते एका डब्यात टाका. तीन महिन्यांनी सगळ्या घरांचे डबे एकत्र करून मंडळीने एखाद्या पाड्याच्या विहिरीचा गाळ काढण्यासाठी द्यावेत. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात देवाने शेतकऱ्याला सांगितले की कापणी करताना शेतात राहिलेली पेंढी आणायला मागे फिरू नको, ती परक्यांची, अनाथांची, विधवांची आहे. आपले शेत नाही, पण आपल्या हातून रोज काहीतरी निसटते. ते कुणाचे आहे याचा विचार करून ठेवून देणे आपल्याला जमेल.

एप्रिल-मे महिन्यात ज्यांना शक्य आहे त्यांनी आमच्याबरोबर एक दिवस शहापूरला या. वाटपाला येऊ नका. एक हंडा घेऊन विहिरीपर्यंत जा आणि भरून परत या. त्यानंतर घरचा नळ सोडताना जे मनात येईल, ते माझ्या भाषणापेक्षा जास्त काळ टिकेल.

ज्याने आपल्याला राखण करायला सांगितले, तो प्रभु आपल्या सर्वांचे आणि डोंगरातल्या आपल्या बंधुभगिनींचे संरक्षण करो. आमेन.